‘मीठ टाका’ की ‘मीठ घाला’?

नागपूरला मावशीच्या वहीतल्या पदार्थांचं छोटं पुस्तक करतोय. वहीत जिथंतिथं ‘टाका’. तिखट टाका, मोहन टाका, वरून सांबार टाका. मुद्रितं तपासणाऱ्या बाई पुण्याच्या. त्यांनी सरसकट ‘घाला’ केलं आणि समासात लिहिलं, ‘टाकणे म्हणजे फेकणे!’ आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात; त्याची कोथिंबीर केली ते एक वेळ समजतो, नाहीतर कोणी सांबारवडीत तुरीची डाळ शोधत बसेल. पण आमच्या घरी ‘मीठ बेतानं टाकजो’ असंच म्हणतात. हे हिंदी ‘डालना’मुळे झालं का?

— थोडं असेलही. पण ‘चहा टाक’ पुण्यातही म्हणतात, तिथं कोणी चहा फेकत नाही.

— बाईंची एक अडचण खरी आहे. ‘डाळ चार तास भिजवून पाणी टाका’ हे वाचून मी काय करू, ओतू की काढू? तिथं ‘पाणी निथळून घ्या’ लिहा. बाकीचे टाका राहू द्या.

— माझा आक्षेप दोन्ही शब्दांवर आहे. स्वयंपाकात प्रत्येक जिन्नस पडण्याची रीत वेगळी. भजी तेलात सोडतात, लिंबू पिळतात, खोबरं भुरभुरतात, पातळ भाजीला आळण लावतात. पिठल्याच्या आधणात पीठ वैरतात, म्हणजे एका हातानं थोडंथोडं धार धरून आणि दुसऱ्यानं सतत ढवळत. ‘बेसन घाला’ छापलंत तर नवशिक्या अख्खी वाटी उपडी करणार नि गुठळ्या फोडत बसणार. कृतीतलं क्रियापद हे अर्धं माप असतं. मावशी बोलताना काय म्हणतात ते ऐकलंत का? लिहिताना माणूस उगाच सोपं करतो.

— काल विचारलं. वहीत ‘बेसन टाका’ आहे, तोंडी मात्र ‘वैरायचं’ म्हणाली! आता सगळ्या कृती तिच्याकडून पुन्हा सांगून घेतोय. गोळाभाताशी अडलोय. भरड्याचे गोळे अर्धवट शिजलेल्या भातात ‘पुरायचे’ म्हणते. पुस्तकात पुरणे जरा स्मशानातलं वाटतं.

— ‘दडपायचे’ करा. दडपे पोहे आहेतच की.

— दडपले तर गोळे फुटतील. पुरूच द्या.