मदत हवी: साहेबांना सेकंडहँड बिझनेस जेट घ्यायचंय, फाइल माझ्या गळ्यात

नमस्कार मंडळी. नागपूरजवळच्या हिंगण्यातल्या एका कंपनीत मी हिशेब बघतो. सेकंडहँड म्हणून आजवर फक्त कार घेतलीय. आता साहेबांच्या डोक्यात विमान शिरलंय, तेही आत ताठ उभं राहता येईल असं मोठ्या केबिनचं.

ब्रोकरने परदेशातलं 2010 चं चॅलेंजर 605 दाखवलंय. फोटो झकास, लेदर नवं. किंमत बाकीच्यांपेक्षा बरीच खाली, तिथंच मनात पाल चुकचुकली. खोदून विचारल्यावर कळलं, दोन्ही इंजिनं (जीईची सीएफ34) कुठल्याच तासाच्या प्रोग्रॅमवर नाहीत. म्हणजे उडालेल्या तासागणिक पैसे भरून पुढच्या दुरुस्तीची सोय केलेली नाही. वर 96 महिन्यांच्या पटीत येणारी मोठी तपासणी तोंडावर. ब्रोकर म्हणतो, "ते तर होऊनच जाते नं भाऊ."

साहेबांना नागपूर-लंडन थेट हवंय. अंतर साडेसात हजार किमीच्या आसपास, ब्रोशरमधली रेंजही जवळपास तेवढीच. पोहोचेल का?

तिसरं, टॅक्स. सप्टेंबर 2025 पासून खासगी वापराच्या विमानाला 40 टक्के जीएसटी. सीए म्हणतात, नॉन-शेड्यूल्ड परमिटवर (म्हणजे भाड्याने उडवण्याच्या परवान्यावर) आणा, 5 टक्क्यांत भागेल, उडवा आपणच. मला हे पटत नाही, पण साहेबांना कोण सांगणार?

(नागपूरच्या मिहान औद्योगिक भागात फाल्कन 2000 या दुसऱ्या बिझनेस जेटचे भाग बनतात, 2025 मध्ये अख्खं विमान इथंच जोडायची घोषणाही झाली. म्हणून साहेब मधेच "मग फाल्कनच घेऊ, घरचं काम" म्हणतात. तेही सांगा.)

प्रतिसाद १
लंडन विसरा. जाताना समोरचा वारा, वर राखीव इंधन. ब्रोशरचा आकडा कमी माणसांवर, शांत हवेत काढलेला असतो. मध्ये आखातात उतरायची तयारी ठेवा. आणि मे महिन्यातल्या दुपारी, 45 अंशात, टाक्या भरून सोनेगावहून (नागपूर विमानतळ) निघायचं तर टेकऑफचं गणित पायलटकडून आधी करून घ्या.
मिहानचं म्हणाल तर कॉकपिटचा सांगाडा इथं बनतो म्हणून तुमच्या विमानाचं चाक इथं बदलून मिळेलच असं नाही.

प्रतिसाद २
सगळ्यात आधी डीजीसीएची (विमान वाहतुकीचं नियंत्रण करणारं सरकारी खातं) आयात विमानाच्या वयाची अट तपासा. 2010 चं विमान त्यात बसत नसेल तर पुढचं सगळं मुसळ केरात.
बसत असेल तर प्री-बाय (खरेदीआधीची) तपासणी तुम्ही निवडलेल्या वर्कशॉपमध्ये करा, विकणाऱ्याच्या नेहमीच्या नव्हे. इंजिनाच्या आत बोरोस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) घाला, एपीयू (जमिनीवर वीज-हवा पुरवणारं छोटं इंजिन) आणि लँडिंग गिअरची ओव्हरहॉलची तारीख बघा, लॉगबुक पहिल्या दिवसापासून सलग हवीत. मधलं एक वर्ष गायब असेल तर उद्या तुम्हालाही गिऱ्हाईक मिळणार नाही. डिपॉझिट एस्क्रोमध्ये (व्यवहार पुरा होईपर्यंत तिऱ्हाईताकडचं खातं), ब्रोकरच्या खात्यात नाही. मोठी तपासणी विकणाऱ्याने करून द्यावी, नाहीतर तेवढी रक्कम किमतीतून वजा.
परमिटवर आणून घरच्यासारखं वापरलं म्हणून कस्टम्सने विमानं जप्त केलीयत, खटले वर्षानुवर्षं चाललेत. सीएला तो सल्ला लेखी मागा, आपोआप बदलेल.

धागाकर्ता
मागितला. "सोमवारी बोलू" म्हणाले.