टेक्सासमधील वणव्यानंतर कुंपणासाठी सरकारी मदत: आधी काम की आधी अर्ज?

प्रश्न
टेक्सासच्या पॅनहँडल भागात माझ्या सासऱ्यांची गुरांची कुरणे आहेत. फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस लागलेल्या स्मोकहाउस क्रीक वणव्यात दहा लाख एकरांहून अधिक क्षेत्र जळाले आणि त्यात आमचेही बहुतेक कुंपण गेले. लाकडी खांब जमिनीलगत जळून तुटले आहेत. लोखंडी खांब उभे आहेत, पण आगीत तापलेली तार ओढली तर ताण धरत नाही. वाचलेली गुरे एका नातलगाच्या रानात ठेवली असून तेथील चारा फार दिवस पुरणारा नाही, म्हणून सासरे लगेच माणसे लावायची म्हणतात. अमेरिकेच्या कृषी विभागाच्या आपत्कालीन संधारण कार्यक्रमातून कुंपणाला मदत मिळते असे कळले. काम आता करून पावत्या नंतर दिल्या तर चालते का?

उत्तर १
कृपया अर्ज दिल्याशिवाय काम सुरू करू देऊ नका. गावाकडे ठिबक संचाच्या अनुदानात पूर्वसंमतीआधी खरेदी केली की अर्ज बाद होतो, तसाच नियम येथेही आहे. आपल्या काउंटीतील (म्हणजे येथील जिल्ह्यातील) फार्म सर्व्हिस एजन्सी या कृषी विभागाच्या शाखेच्या कार्यालयात अर्ज द्यावा लागतो, त्यानंतर जागेवर पाहणी होते आणि काउंटी समिती निर्णय घेते. मोठ्या आपत्तीत पाहणीची अट काही कामांपुरती शिथिल केली जाते, परंतु तशी सवलत आपल्या काउंटीला आहे का, हे कार्यालयाकडून लेखी घ्यावे.

मदत साधारणतः मान्य खर्चाच्या ७५ टक्क्यांपर्यंत मिळते. अल्प साधनांच्या आणि नव्याने शेतीत आलेल्या शेतकऱ्यांना ९० टक्क्यांपर्यंत. एका आपत्तीसाठी एका व्यक्तीला ५ लाख डॉलरची कमाल मर्यादा आहे. कुंपणाच्या बाबतीत २०१८ च्या कृषी कायद्याने एक मोठी सोय केली: मंजूर मदतीपैकी २५ टक्क्यांपर्यंत रक्कम काम सुरू होण्यापूर्वी आगाऊ मागता येते, मात्र ती ६० दिवसांत खर्च झाली पाहिजे. म्हणजे मान्य खर्च ४० हजार डॉलर धरला, तर मदत ३० हजारांपर्यंत आणि आगाऊ साडेसात हजारांपर्यंत. घरच्या माणसांच्या मजुरीचाही हिशेब धरता येतो, त्यामुळे कोणी किती तास काम केले याची नोंद रोजच्या रोज ठेवा. दगावलेल्या गुरांसाठी मात्र वेगळी योजना आहे; तो अर्ज स्वतंत्रपणे करावा.

उत्तर २
वरील माहिती बरोबर आहे, पण या कार्यक्रमाची खरी अडचण निधीची आहे आणि तिच्याबद्दल फारसे बोलले जात नाही. या कार्यक्रमाला दरवर्षी ठरलेली भरीव तरतूद नसते. आपत्तीनंतर काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, पुरवणी निधी मंजूर करावा आणि मग तो काउंटीपर्यंत यावा, अशी रीत आहे. शिवाय बहुतेक मदत काम पूर्ण झाल्यावर हाती येते. ज्याच्या गाठीला पैसा आहे किंवा ज्याला बँक उभी करते, तो वसंतातच तार ओढतो. ज्याचे तसे नाही, त्याला गुरे पडत्या भावात विकावी लागतात. मोडलेली जमीन पुन्हा उभी करण्यासाठी १९७८ च्या कायद्याने आणलेली ही मदत सर्वांत गरजू माणसाला उशिरा मिळावी, हे मला अन्यायाचे वाटते. आगाऊ रकमेची टक्केवारी तरी वाढवायला हवी.

प्रश्नकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. सासऱ्यांना सर्व समजावून सांगितले असून ते उद्या सकाळी प्रथम कार्यालयात जाणार आहेत. जळलेल्या तारेची वेटोळी दारापासून रस्त्यापर्यंत पडली आहेत, ती गोळा करणे हेही काम सुरू केल्यासारखे धरतात का?

उत्तर १
धरले जाऊ शकते. तोवर तारेला हात न लावता कुंपणाच्या प्रत्येक बाजूची छायाचित्रे तारीख दिसेल अशी घ्या, कुंपणाची लांबी मोजून ठेवा आणि अर्ज देतानाच हाच प्रश्न विचारून उत्तर लिहून घ्या.