नॉर्थ कॅरोलिनातल्या चॅटम काउंटीत १४ एकर घेतलेत. सरकारी मदतीसाठी आधी कुठलं दार ठोठावायचं?

माणदेशी_पोर
नमस्कार मंडळी. आम्ही कॅरीत राहतो, दोघंही आयटीत. मागच्या महिन्यात पिट्सबरोच्या पलीकडे १४ एकर घेतले. माहेर आटपाडीचं, डाळिंबाच्या बागेत वाढले, त्यामुळे हौस म्हणू नका, खाज म्हणा. जमीन उताराची, लाल चिकण मातीची. पाऊस पडला की खालचा ओढा चहासारखा वाहतो. मधोमध कमरेएवढी घळ पडलीय. आधीचे मालक गवत कापून गठ्ठे विकायचे.

मला हाय टनेल (प्लास्टिकचं शेडघर) उभारायचाय, बोअर घ्यायचाय आणि ती घळ बुजवायचीय. गावी निदान तलाठी आणि तालुका कृषी कार्यालय तरी ठाऊक होतं. इथे एफएसए, एनआरसीएस, एक्स्टेन्शन, कोण काय करतं? जमीन दाखवणारा एजंट म्हणाला, "सरकार चेक पाठवतं." कसला चेक, ते त्यालाही सांगता येईना. टनेलवर सेल चालू आहे, पुढच्या आठवड्यात ऑर्डर देतेय.

बांधावरून
ताई, ती ऑर्डर आधी थांबवा. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

टनेलला पैसे मिळतात ते एनआरसीएसच्या, म्हणजे इथल्या कृषी खात्याच्या माती-पाणी जपणाऱ्या विभागाच्या, 'इक्विप' योजनेतून. करारावर सही व्हायच्या आधी सुरू केलेल्या कामाला त्यात छदाम मिळत नाही. मी शेजारच्या काउंटीत ११ वर्षं शेती करतोय. पहिल्याच वर्षी उत्साहाच्या भरात कुंपण घातलं आणि मग पावत्या घेऊन गेलो. समोरच्या बाईंनी त्या बघून नुसती मान हलवली.

एक्स्टेन्शन म्हणजे विद्यापीठाची सल्लासेवा. पैशांसाठी क्रम असा. खरेदीखत आणि ओळखपत्र घेऊन यूएसडीएच्या (केंद्रीय कृषी खात्याच्या) सर्व्हिस सेंटरला जा, फोन करून वेळ घेऊन. तिथे एफएसएकडून, म्हणजे त्याच खात्याच्या शेतांची नोंद ठेवणाऱ्या विभागाकडून, 'फार्म नंबर' काढायचा. तोच तुमचा इथला सातबारा समजा, त्याशिवाय पान हलत नाही. तेव्हाच एडी-१०२६ हा फॉर्म भरून घेतात: धूप होणारी जमीन आणि पाणथळ जागा मी बिघडवणार नाही, अशी हमी. म्हणून ओढ्याकाठची झाडी तूर्त तोडू नका. मग एनआरसीएसचा माणूस शेतावर येऊन आराखडा करून देतो, फुकट. अर्ज वर्षभर घेतात, पण निवड गुणांवर होते, आधी आला त्याला आधी असं नाही. शेतीत १० वर्षं झालेली नसली की 'बिगिनिंग फार्मर', म्हणजे मदतीचा दर जास्त आणि निम्मी रक्कम आगाऊ मागता येते. टनेलमध्ये पीक मातीतच घ्यायचं, टेबलांवर कुंड्या मांडायच्या नाहीत. बोअरचे पैसे मिळतील असं धरून चालू नका.

घळीचं मात्र काउंटीच्या सॉइल अँड वॉटरवाल्यांनाही (मृदसंधारण जिल्ह्याच्या कार्यालयालाही) विचारा. राज्याच्या कॉस्ट शेअर (खर्चात वाटा उचलणाऱ्या) योजनेत ७५ टक्क्यांपर्यंत मदत असते. नुसती माती ओतलीत तर पहिल्या वादळात ती ओढ्यात जाईल. पाण्याला गवताची रुंद वाट करून द्यावी लागते. देशातला पहिला मृदसंधारण जिल्हा १९३७ साली याच राज्यात, अ‍ॅन्सन काउंटीतल्या ब्राउन क्रीकवर झाला. आपल्यासारख्याच घळी बघून.

गठ्ठेवाला
वरचं सगळं बरोबर, पण तुमच्या खिशाला आधी टॅक्स लागेल. ती जमीन 'प्रेझेंट यूज व्हॅल्यू'मध्ये, म्हणजे शेतीच्या हिशेबाने कमी टॅक्स लागणाऱ्या सवलतीत, असेल तर खरेदीपासून ६० दिवसांत तुमच्या नावाने नवा अर्ज काउंटीच्या टॅक्स ऑफिसला द्यायचा. राहिला तर मागच्या ३ वर्षांचा फरक व्याजासकट अंगावर येऊ शकतो. गवताला किमान १० एकर उत्पादनाखाली आणि ३ वर्षांची सरासरी १,००० डॉलर विक्री लागते, म्हणून गवत कापणं बंद करू नका.

आणि व्हिसाचं स्टेटस काय आहे? एच-वन-बीवर घेतली असेल तर परदेशी लोकांच्या शेतजमिनीबाबतच्या १९७८ च्या कायद्याप्रमाणे ९० दिवसांत यूएसडीएला एफएसए-१५३ फॉर्म द्यावा लागतो. दंड जमिनीच्या किमतीच्या २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. माझ्या मित्राला हे वकिलानेही सांगितलं नव्हतं.

माणदेशी_पोर
ग्रीन कार्ड दोघांचंही आहे, वाचलो. टॅक्सचं मात्र माहीतच नव्हतं! आजचा ३८ वा दिवस. उद्या सकाळी टॅक्स ऑफिस, मंगळवारी सर्व्हिस सेंटरची वेळ मिळालीय. टनेलवाल्याला नाही म्हणून सांगितलं, तर त्याने सेल आणखी १० टक्के वाढवला.

काल घळीत उभी राहून बाबांना व्हिडिओ कॉल केला. बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "खाली काय बघतेस, वरच्या अंगाला बांध घाल."

बांधावरून
बाबांचं बरोबर आहे. पण तो बांधसुद्धा मंगळवारनंतर, ताई.