थर्मामीटर कोणता घ्यावा? (स्वस्तातला सुचवा)

झोपमोड: मुलगी दीड वर्षाची, सर्दी-ताप चालूच असतो. काखेत डिजिटल लावला की बीप वाजायच्या आत उपसून फेकते. आता तर त्यावर नुसतं 'एलओ' येतंय. दुसरा कोणता घेऊ? महागडे सुचवू नका प्लीज.

जुळ्यांचीआई: कानाचा घ्या. महाग आहे, पण एकदाच घ्यायचा. आमच्या दोघांचं क्षणात उरकतं.

पाराप्रेमी: काचेचा, पाऱ्याचा. आमची सगळी पोरं त्यावरच वाढली. हल्लीच्या खेळण्यांवर भरवसा नाही.

काटेकोर: @पाराप्रेमी, फुटला की पाऱ्याचे मणी फरशीच्या फटीत शोधत बसायचं का? पाऱ्याचा वापर कमी करायच्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय करारात 2020 नंतर ते बनवणं बंद करायचं ठरलंय.

पाराप्रेमी: माझा त्याआधीचा आहे. आणि अजून शाबूत आहे.

नाइटशिफ्टबाबा: कपाळाची गन अजिबात नको! घाम असला की कमी दाखवते. पोरगं चटके देत होतं आणि ही बया 97 वर अडून.

जुळ्यांचीआई: म्हणूनच म्हटलं, कानाचा.

काटेकोर: कानाचा सहा महिन्यांखालच्या बाळाला चालत नाही, मळ असला तरी चुकतो. ताई, 'एलओ' म्हणजे बिघाड नाही, माप फारच खाली आलंय. टोक काखेत नीट बसलेलं नसणार. मांडीवर घेऊन हात अंगाशी धरून ठेवा. काखेत आकडा जरा कमीच येतो, हे धरून चाला. पण आकड्याइतकंच मुलीकडे बघा: पाणी पितेय का, शू होतेय का, हाक मारली की बघते का. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 फॅरनहाइट किंवा जास्त ताप असेल तर घरी थांबायचंच नाही, तडक डॉक्टर.

नवखी: विषय निघालाच आहे तर, पॅरासिटामॉल किती द्यायचं?

नाइटशिफ्टबाबा: आम्ही चमचाभर देतो.

काटेकोर: चमच्याने नको हो! डोस वजनावर असतो, किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम. मध्ये किमान 4 तास, 24 तासांत चारपेक्षा जास्त नाही. ड्रॉप्स सिरपपेक्षा बरेच कडक असतात, बाटलीवरचं वाचून सोबतच्या सिरिंजनेच मोजा. आणि ॲस्पिरिन मुलांना देऊ नका.

झोपमोड: सगळ्यांचे आभार. कपाळाची गन मागवली. झोपेत लावता येते, मला तेवढंच हवं होतं. शंका आली तर काखेतला आहेच.

नाइटशिफ्टबाबा: मग विचारलंत कशाला?

लाडूची_मावशी: वरचं वाचलं नाही, पण कानाचा घ्या.