सोसायटी ग्रुप: ‘कुरिअर मी पाठवतो, तुम्ही फक्त बॉक्स द्या’

बी-403: कालपासून गप्प होतो, आता राहवत नाही. मंगळवारी दुपारी साडेतीनच्या सुमारास गेटवरून माझा बॉक्स कोणाच्या हातात दिला गेला, हे कोणी सांगेल का? कॅमेऱ्याची लेन्स होती. ऑनलाइन विकली. घेणाऱ्याने पैसे आधीच भरले आणि म्हणाला, ‘कुरिअर मी पाठवतो, तुम्ही फक्त बॉक्स द्या.’ मी ऑफिसात असणार होतो म्हणून सकाळी केबिनमध्ये ठेवून गेलो. आता तो म्हणतो, वस्तू मिळालीच नाही. तक्रार टाकलीय त्याने. माझ्या खात्यातले तेवढे पैसे गोठवलेत.

सचिव: नमस्कार. सर्व सभासदांना पुन्हा एकदा नम्र विनंती. वॉचमन केबिन ही वैयक्तिक पार्सल ठेवण्याची जागा नाही. वॉचमन सोसायटीच्या सुरक्षेसाठी आहे, पार्सलच्या देवघेवीसाठी नाही. 🙏

बी-403: सचिव साहेब, मी कोणावर ढकलत नाहीये. फक्त विचारतोय.

सी-101 काका: केबिनचा विषय निघालाच आहे तर केबिनसमोर आडवी लावलेली पांढरी गाडी कोणाची तेही विचारा. तीन दिवस झाले.

बी-501 काकू: अरे, ती लेन्स बाबांची ना रे?

बी-403: हो काकू, बाबांचीच. वापरणाऱ्याच्या हातात जावी म्हणून विकली.

ए-301 वकील मॅडम: पहिला प्रश्न. बॉक्स दिल्याची पावती कोणाकडे आहे?

बी-403: पावती नाही मॅडम. त्यानेच लेबल पाठवलं होतं. मी प्रिंट काढून चिकटवलं. आज नीट बघतोय तर ‘पाठवणारा’ या रकान्यात माझं नावच नाही. कोणीतरी तिसरीच व्यक्ती आहे.

बी-204 वहिनी: तिथेच घोळ झाला, भाऊजी. मी सहा वर्षं पिशव्या शिवून ऑनलाइन विकतेय, म्हणून सांगते. ज्याने कुरिअर बुक केला, पार्सल त्याचं. ट्रॅकिंग त्याच्या खात्यात, पत्ता बदलायचा अधिकार त्याला, मध्येच परत बोलवायचं असेल तर तेही तोच करणार. तुम्ही कुरिअरवाल्यांना फोन केलात तर ते म्हणणार, ‘ज्यांनी बुक केलंय त्यांनाच माहिती देऊ.’ बॉक्स तुमच्या घरातून गेला तरी त्यांच्या लेखी तुम्ही कोणीच नाही.

बी-403: अगदी हेच म्हणाले सकाळी. शब्द न् शब्द.

सी-202: दादा, लेबलवरचा नंबर त्यांच्या साइटवर टाकून बघितला का? तेवढं कोणालाही दिसतं.

बी-403: बघितला. ‘पोहोचवले’ असं दाखवतंय. पण शहर वेगळं आहे. पैसे भरताना त्याने दिलेला पत्ता हा नव्हताच.

बी-204 वहिनी: म्हणजे वाटेत वळवलं. किंवा लेबलच मुळात त्या पत्त्यावर काढलं होतं. बारकोडच्या आत कुठला पत्ता आहे हे तुम्हाला कुठे वाचता येणार?

सचिव: पुन्हा एकदा. वॉचमन केबिन ही वैयक्तिक पार्सल ठेवण्याची जागा नाही. 🙏

सी-101 काका: आणि पार्किंगचीही नाही.

ए-303: मागच्या महिन्यात टेबल विकताना माझ्याशी वेगळंच झालं. बाई म्हणाली, ‘माझा कुरिअरवाला पाकिटात रोख घेऊन येईल, पण त्याआधी त्याचा विमा तुम्ही भरा, नंतर परत मिळेल.’ लिंक पाठवली. लिंकवर कार्डाचा नंबर आणि मागचे तीन आकडे मागत होते. पैसे मला मिळणार असतील तर माझ्या कार्डाचे मागचे आकडे कशाला हवेत? तिथेच थांबले.

बी-204 वहिनी: बरं केलंत. त्याचाच भाऊ म्हणजे ‘चुकून जास्त पैसे पाठवले’. वरचे पैसे कुरिअर एजंटला द्या म्हणतात. तुम्ही खऱ्या खिशातून देता, आणि त्याचे मूळ पैसे चार दिवसांनी उलटतात, म्हणजे तुमच्या खात्यातून परत जातात.

सी-202: हे बघा. ऑनलाइन पैसे देण्याघेण्याची सेवा देणाऱ्या पेपाल कंपनीच्या विक्रेता संरक्षणाच्या, म्हणजे तक्रार झाली तरी विकणाऱ्याचे पैसे जाऊ नयेत यासाठीच्या, अटींत सरळ लिहिलंय की खरेदीदाराने ठरवलेली शिपिंग सेवा वापरू नका, म्हणजे पाठवल्याचा आणि पोहोचल्याचा पुरावा तुम्हाला देता येईल. व्यवहाराच्या पानावर जो पत्ता आहे त्याच पत्त्यावर वस्तू गेली पाहिजे. तिथे पाठवून नंतर दुसरीकडे वळवली गेली तरी संरक्षण जातं. आणि खरेदीदार पैसे भरल्यापासून 180 दिवसांपर्यंत वाद उघडू शकतो. दादा, तुमची पैसे घेणारी कंपनी कुठलीही असो, अटी साधारण अशाच असणार. वाचून बघा.

बी-403: 180 दिवस! मी तर आठवड्यात विषय संपला म्हणून मोकळा झालो होतो.

ए-102 आजोबा: मुलांनो, मी बंदरावर तीस वर्षं काढली. घेणाऱ्याने स्वतःचं वाहन पाठवायचं, ही पद्धत नवी नाही. तिला एक्स वर्क्स म्हणतात. इन्कोटर्म्सचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय व्यापारात मालाचा खर्च आणि जोखीम कोणाची ते ठरवणारे, हे नियम 1936 पासून आहेत. माल विकणाऱ्याच्या दारात घेणाऱ्याच्या ताब्यात आला की पुढची जोखीम घेणाऱ्याची. म्हणजे तुमची बाजू बरोबर आहे.

ए-301 वकील मॅडम: आजोबा बरोबर सांगतायत. आपल्या वस्तू विक्री कायद्यातही, 1930 चा, कलम 39, खरेदीदाराकडे पोहोचवण्यासाठी माल वाहतूकदाराच्या ताब्यात दिला की प्रथमदर्शनी तो खरेदीदारालाच दिला असं धरलं जातं. मग वाहतूकदार खरेदीदाराने ठरवलेला असो वा नसो. युरोपच्या 2011 च्या ग्राहक हक्क निर्देशातही कलम 20 मध्ये आहे की ग्राहकाने स्वतःचा वाहतूकदार लावला, आणि तो विक्रेत्याने सुचवलेला नसेल, तर माल त्याच्या हाती देताच जोखीम ग्राहकाकडे जाते.

बी-403: मग मी सुटलो ना?

ए-301 वकील मॅडम: नाही. ‘वाहतूकदाराच्या ताब्यात दिला’ हे दाखवणार कशाने? तुमच्याकडे सही नाही, पावती नाही, लेबलवर तुमचं नाव नाही. आणि तुमच्याविरुद्धची तक्रार सध्या कोर्टात नाही, पैसे घेणाऱ्या कंपनीच्या टेबलावर आहे. तिथला माणूस कायद्याचं कलम उघडत नाही. तो दोनच गोष्टी विचारतो. ट्रॅकिंग कुठे आहे, आणि ते व्यवहारातल्या पत्त्याशी जुळतं का. कायद्याने बरोबर असलेला माणूस तिथे रोज हरतो.

ए-102 आजोबा: बाई बरोबर बोलली. माल जहाजावर चढला की जहाजाचा अधिकारी एक कागद सही करून द्यायचा. मेट्स रिसीट. पेटी फुटकी असेल तर तसा शेरा त्याच्यावर. तो कागद दाखवल्याशिवाय पुढचं बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाज कंपनीची माल घेतल्याची पावती, मिळत नसे. पावसात, रात्री दोन वाजता, तो कागद हातात आल्याशिवाय मी धक्क्यावरून हललो नाही. तू बॉक्स केबिनमध्ये ठेवून ऑफिसला गेलास रे.

बी-403: चुकलंच आजोबा.

बी-501 काकू: आजोबा, रागावू नका हो. पोरगा आधीच कष्टी आहे.

सचिव: तेच मी सांगतोय. केबिन ही पार्सल ठेवण्याची जागा नाही.

बी-403: सचिव साहेब, हे तिसऱ्यांदा. मागच्या सभेत मीच म्हणालो होतो की गेटवर बाहेर जाणाऱ्या सामानाचं एक रजिस्टर ठेवा. तेव्हा ‘अनावश्यक खर्च’ म्हणून तुम्हीच विषय बाजूला ठेवलात. एक वही आणि एक पेन.

सचिव: ती सभा कोरमअभावी तहकूब झाली होती. इतिवृत्त वाचावे.

सी-101 काका: कोरम का झाला नाही? कारण वेळ बदलली आणि निरोप ग्रुपवर रात्री अकराला टाकला.

सचिव: विषयाला धरून बोलावे ही विनंती.

सी-202: काका, ती पांढरी गाडी तुमच्या व्याह्यांची आहे. परवा तुम्हीच त्यांना सोडायला खाली आला होतात.

सी-101 काका: हा मेसेज डिलीट केला आहे.

बी-204 वहिनी: 😄 बरं, भाऊजी, आता हातात काय काय आहे ते बघू. ‘कुरिअर मी पाठवतो’ हे त्याने कुठे लिहिलंय? विक्रीच्या साइटवरच्या चॅटमध्ये की बाहेर?

बी-403: सुरुवात साइटवर. मग म्हणाला इकडे बोलू, म्हणून फोनवरच्या चॅटवर.

बी-204 वहिनी: दोन्हीकडचे स्क्रीनशॉट घ्या, तारीख-वेळ दिसेल असे. त्याने लेबलची फाइल पाठवली तो मेसेज तर पहिला. पुढच्या वेळी कोणी ‘इकडे बोलू’ म्हणालं तरी शेवटचं ठरलेलं साइटवर लिहूनच घ्यायचं. वाद झाला की त्यांची माणसं त्यांच्याच साइटवरचं चॅट आधी बघतात.

बी-403: बॉक्स बंद करण्याआधी मी वजन केलं होतं. 840 ग्रॅम. काट्यासकट फोटो आहे. आणि लेन्सच्या पुढच्या कड्यावरचा सिरीयल नंबर दिसतो असा एक. बाबांनी त्या कड्याला एक छोटा लाल ठिपका लावला होता, झाकण नेमकं कुठे बसतं ते कळावं म्हणून. तोही दिसतो त्यात.

ए-301 वकील मॅडम: उत्तम. लेबलवर वजन किती छापलंय?

बी-403: अर्धा किलो.

ए-301 वकील मॅडम: हेही लिहा. आणि उत्तर मुदतीच्या आत टाका. उत्तर न देणारा आपोआप हरतो.

ए-303: आणि तो ‘तक्रार मागे घेतो, अर्धे पैसे बाहेरून पाठवा’ असं म्हणाला तर अजिबात पाठवू नका.

बी-403: आज दुपारी तोच मेसेज आलाय.

बी-204 वहिनी: त्याचाही स्क्रीनशॉट. उत्तर देऊ नका.

सी-202: मी जुना लॅपटॉप विकायला टाकलाय. तिथलाही एक जण म्हणतोय कुरिअर तो पाठवेल. नाहीच म्हणू ना?

ए-102 आजोबा: लॅपटॉपात लिथियमची बॅटरी आहे. विमानाने जाणार असेल तर ते जाहीर करावं लागतं, धोकादायक मालाच्या यादीत त्याला यूएन 3481 असा क्रमांक आहे. दुसऱ्याने काढलेल्या लेबलवर ‘कपडे’ लिहिलं असेल आणि पाठवणारा म्हणून तुझं नाव असेल, तर खोटं निवेदन तुझ्या नावावर. परदेशी पार्सलवर किंमत कमी दाखवतात, तिथेही तेच. या लेन्सवाल्याने तिसऱ्याचं नाव घातलं, दुसरा तुझं घालेल. दोन्ही वाईट.

सी-202: आलं लक्षात. ‘कुरिअर मी बुक करेन, खर्च तुम्ही द्या, व्यवहारात आहे त्याच पत्त्यावर’ असं लिहितो.

बी-204 वहिनी: एवढंच लिही. कारण सांगत बसू नकोस. खरा घेणारा लगेच ‘चालेल’ म्हणतो. खोटा असेल तर भाचा, परगावची बदली, बंद पडलेला फोन, सगळं सांगत बसतो.

सचिव: बी-403, कॅमेऱ्याचं फुटेज 15 दिवस राहतं. मंगळवारचं अजून आहे. लेखी अर्ज द्या, मी आज संध्याकाळी काढून देतो. वॉचमनशीही बोललो. तो म्हणतो आलेल्या मुलाने फोनवर लेबलचा नंबर दाखवला, तो जुळला म्हणून बॉक्स दिला. त्याची चूक नाही.

बी-403: त्याची चूक मी कधीच म्हटली नाही. आभारी आहे साहेब. अर्ज आत्ता आणतो.

सचिव: रजिस्टरही उद्यापासून सुरू करू. वही माझ्याकडे आहे.

बी-501 काकू: अगं वहिनी, मग माझं काय? उद्या अकराला शिलाई मशीन न्यायला टेम्पो येतोय. घेणारी बाई स्वतः येणार नाही, टेम्पोवाला तिचाच. एवढं जड मशीन मी कुठून कुरिअर करू?

बी-204 वहिनी: जड वस्तूला पर्याय नसतो काकू. पण मग पैसे कसे येतात ते बघायचं. कार्डाने किंवा साइटवरून आलेले पैसे नंतर उलटवता येतात. पेपालसारख्या ठिकाणी तर हातोहात दिलेल्या वस्तूला ‘मिळाली नाही’ या तक्रारीत सहसा संरक्षणच नाही. तिला म्हणा, एक तर रोख, नाहीतर थेट बँकेत. आणि तिने पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर जाऊ नका, स्वतःचं खातं उघडून शिल्लक बघा. मगच मशीनला हात लावू द्या.

सी-202: ईबे या खरेदी-विक्रीच्या साइटवर स्वतः येऊन नेणाऱ्यांसाठी सहा आकडी कोड असतो. घेणारा तो दाखवतो, विकणारा टाकतो, की वस्तू दिल्याची नोंद. काकूंच्या साइटवर तसं आहे का बघू का?

बी-501 काकू: बघ बाळा. मला काही कळत नाही त्यातलं.

ए-301 वकील मॅडम: काकू, टेम्पोवाल्याची सही ही त्या बाईची सही नाही. म्हणून आज रात्रीच तिच्या नंबरवरून मेसेज मागवा. ‘अमुक नंबरच्या गाडीच्या, अमुक नावाच्या चालकाकडे मशीन द्यावं, त्याच्या हाती दिलं म्हणजे मला मिळालं.’ हे तिने स्वतः लिहायला हवं. उद्या गाडीचा नंबर तोच आहे ना ते बघा. वेगळा असेल तर नवा मेसेज येईपर्यंत मशीन हलवायचं नाही.

ए-102 आजोबा: आणि दोन प्रतींत कागद. तारीख, वेळ, मशीनचा नंबर, ‘चालू स्थितीत’. चालकाची सही दोन्हींवर. एक त्याची, एक तुमची.

बी-501 काकू: मशीनचा नंबर कुठे असतो हो?

बी-204 वहिनी: बहुतेक खालच्या पत्र्यावर. मी सकाळी वर येते. चालू करून दहा सेकंदांचा व्हिडिओ काढू, टीप मारतानाचा, मग नंबरवर कॅमेरा नेऊ. मध्ये बंद करायचा नाही.

बी-403: मी उद्या सुट्टी घेतलीय. खाली गेटवर उभा राहतो.

सचिव: सर्वांना पुन्हा एकदा नम्र विनंती. टेम्पो आत आणताना केबिनसमोरची जागा मोकळी ठेवावी. 🙏

सी-101 काका: गाडी काढतोय.

बी-501 काकू: तिचा मेसेज आला. गाडीचा नंबर दिलाय, चालकाचं नाव नाही दिलं. परत विचारू?

ए-301 वकील मॅडम: विचारा.