मदत हवी आहे: बीएस्सी नर्सिंग फायनल इयर, सर्व्हिस इम्प्रूव्हमेंट प्रोजेक्ट

नमस्कार ताई-दादांनो, मी कोल्हापुरात बीएस्सी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि प्रोजेक्टसाठी डिस्चार्जच्या वेळी गोळ्या समजावून सांगणं हा विषय घेतलाय. कारण सांगते, मेडिसिन वॉर्डात राधानगरीकडच्या एक आजी होत्या, शुगर आणि बीपी दोन्ही, डिस्चार्ज झाला तर सगळ्या स्ट्रिप्स पदराच्या गाठीत बांधून दारात उभ्या, मला म्हणाल्या "बाळ, सकाळची कुठली गं?" आणि खाली एसटीची वेळ झालेली. कागदावर सगळं इंग्रजीत. ते काय डोक्यातनं जात नाही माझ्या.

आता प्लॅन असा की पाकिटावर सूर्य-चंद्राचं चित्र काढायचं आणि टीच-बॅक करायचं, म्हणजे "समजलं का" असं न विचारता पेशंटकडूनच परत सांगून घ्यायचं. पीडीएसए सायकलने (प्लॅन-डू-स्टडी-अ‍ॅक्ट, म्हणजे छोटा बदल करून बघायचा, काय झालं ते तपासायचं, मग पुढं वाढवायचा), आधी एका पेशंटवर, मग पाच, मग सगळा वॉर्ड.

अडलंय कुठं तर गाईड मॅडम म्हणतात प्री-टेस्ट पोस्ट-टेस्ट घे, पी व्हॅल्यू (फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो का हे बघायचा आकडा) काढ. पण मी वाचलं त्यात रन चार्ट (वेळेनुसार आकडे मांडायचा आलेख) सांगितलाय, मीडियनच्या म्हणजे मधल्या आकड्याच्या रेषेच्या एकाच बाजूला सलग सहा पॉइंट आले की बदल खरा धरायचा. मला हेच बरोबर वाटतंय, पण मॅडमना पटवू कसं? आणि एथिक्स कमिटीची परवानगी इम्प्रूव्हमेंट प्रोजेक्टला पण घेतली का तुम्ही? नाइट ड्युटीच्या सिस्टर्सना सोबत कसं घेतलं तेही सांगा की, त्यांच्यावर आधीच लई लोड असतो.