सांगोला कधीच सोपा नव्हता

कुणीतरी लिहिलंय की गणपतराव देशमुख ११ वेळा आमदार म्हणून निवडून आले, कारण सोलापूर जिल्ह्यातला सांगोला सुरक्षित मतदारसंघ होता. हे मला अजिबात पटत नाही. १९६२ला पहिल्यांदा आमदार झालेले आबा (गणपतरावांना लोक असंच म्हणत) १९७२ आणि १९९५ला पडलेही होते. पण पडल्यावर पक्ष बदलला नाही, शेकापचा (शेतकरी कामगार पक्षाचा) लाल बावटा शेवटपर्यंत खांद्यावर. स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींसोबत आटपाडीच्या पाणी परिषदांतून दुष्काळी तालुक्यांसाठी कृष्णेचं पाणी मागत राहिले. वर्षानुवर्षं! मंत्रिपद दोनदाच, तेही थोडा काळ. एसटीत आमदारांसाठी राखीव सीट असते ना, त्यावर खरोखर बसून प्रवास करणारा हा माणूस. सांगोल्यात त्यांनी उभारलेल्या सूतगिरणीबद्दल तर स्वतंत्र लिहायला हवं.